जमिनीपासून तीन फूट

९ एप्रिल

सगळं बदललं ते आज दुपारी, पाण्याच्या टँकरच्या सावलीत. शिवानीने उजवा तळहात उताणा करून समोर धरला होता आणि कॅप्टन विनीतने त्याच्यावर आपला तळहात पालथा धरला होता. मध्ये चार बोटांचं अंतर. टेकवला नाही. टेकवला असता तर मी जाऊन कॉलर धरली असती, विषय तिथेच संपला असता. पण तो न टेकवता हात खाली आणत होता, वर नेत होता. मग त्याने तो तिच्या बोटांच्या टोकावरून हळूच बाहेर सरकवला आणि एकदम खाली सोडला. "म्हणजे पडणारच!" असं म्हणून ती हसली. डोळे असे मोठे करून. माझ्याकडे बघून तिचे डोळे कधी एवढे मोठे झालेले नाहीत.

मी मैदानावर पाणी मारत होतो. हेलिकॉप्टर यायच्या आधी जमीन भिजवावी लागते, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने सगळं वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. पाइप हातात तसाच राहिला आणि पाणी माझ्याच बुटांत गेलं.

"अरे ऋतुराज, बूट पेरतोयस का?" शिवानी तिथून ओरडली. कॅप्टनपण हसला. गॉगल न काढता.

कोपरीला घरी आलो तर आईने विचारलं, बूट ओले कसे? म्हटलं, पडलो. एप्रिलमध्ये कोण ओल्यात पडतं? तिने पुढे विचारलं नाही.

लिहायची सवय नाही मला. पण हे सांगणार कोणाला? पोरं म्हणतील, भाई, ती तुझी होती कधी? बरोबरच आहे, मी तिला विचारलेलंच नाही. थर्ड इयर मेकॅनिकलला कॉलेज सोडलं तेव्हा लॅबमध्ये सरांशी बाचाबाची झालेली, मी फाइल आपटून निघालेलो, आणि दारात फक्त ही उभी होती. म्हणाली, "जाऊ नकोस, मूर्खा." मी गेलो. नंतर मी घरी नुसता पडून होतो तेव्हा तिनेच फोन करून ही नोकरी लावून दिली.

श्रीपादशेठ लग्नांना हेलिकॉप्टर पुरवतात. नवरीची पाठवणी, नवरदेवाची एन्ट्री, वरून गुलाबाच्या पाकळ्या. शिवानी त्यांच्या नौपाड्याच्या ऑफिसात उड्डाणांचा हिशोब बघते, म्हणजे माणसांचं वजन किती, इंधन किती, उतरायची जागा कशी. कॅप्टन विनीत उडवतो. मी जमिनीवरचा माणूस. उतरायच्या जागेवर चुन्याने एच काढायचा, पाणी मारायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि सगळे बसले की वाकून जाऊन दार लावायचं. इतकी दारं लावली, आत कधी बसलो नाही.

१२ एप्रिल

शिवानी आता बिनसाखरेचा चहा पिते. कॅप्टन बिनसाखरेचा पितो.

मी विचारलं, "तुला कधीपासून कडू आवडायला लागलं?"

"वजन उतरवतेय रे. जितकं कमी, तितकं बरं."

कोणासाठी बरं, ते नाही सांगितलं. वर तिचा तो वजनाचा काटा माझ्याकडे ढकलला. हा काटा घेऊन ती प्रत्येक लग्नात फिरते. जो उडणार त्याला त्यावर चढवते, आणि मग काकालोक पोट आत घेतात, मामालोक म्हणतात मोबाइल काढून ठेवू का.

"चढ."

"मी कुठे उडतोय?"

"चढ म्हटलं ना."

बासष्ट. ती म्हणाली, "गुड. वाढू नकोस हां." आणि फोनमध्ये काहीतरी टाइप केलं. कॅप्टन सहा फूट, खांदे दरवाजाएवढे. आणि मी बासष्ट. हसायला यांना मीच सापडतो.

१६ एप्रिल

आज तो स्वतःहून माझ्याशी बोलायला आला. मी दाराच्या कडीला तेल देत होतो. म्हणाला, "तू दार लावतोस तेव्हा मला मागे वळून बघावं लागत नाही. पट्टा बाहेर लोंबतोय का तेसुद्धा बघतोस."

मी कडी पुसत राहिलो.

"थर्ड इयरपर्यंत झालंय ना तुझं? हैदराबादला हेलिकॉप्टर मेंटेनन्सची चांगली शाळा आहे. तुझ्यासारख्याला जड जाणार नाही. विचार कर."

माझं थर्ड इयर याला कोणी सांगितलं? एकच व्यक्ती सांगू शकते. म्हणजे माझ्याबद्दल बोलतात दोघं. चहा पिता पिता बिचारा ऋतुराज, बिचाऱ्याचं कॉलेज सुटलं. आणि वर मला हैदराबादला पाठवायची घाई. का बरं? इथे काय अडचण होतेय माझी?

म्हटलं, "बघतो सर." तेल जास्त सांडलं.

२० एप्रिल

विठ्ठलवाडीजवळच्या मैदानावर लग्न. नवरदेव, त्याचा बाप, दोन भाऊ, आणि कॅप्टन. पाच माणसं. हेलिकॉप्टर उचललं, जमिनीपासून तीन फुटांवर आणलं आणि तिथेच स्थिर ठेवलं. याला हॉवर म्हणतात. टांगून ठेवल्यासारखं. मानलं पाहिजे, हलत पण नाही.

मग सरळ वर जायचं सोडून साहेबांनी नाक खाली केलं आणि पूर्ण मैदानभर तसंच जमिनीलगत पळवत नेलं. पार दुसऱ्या टोकाला जाऊन मग उचललं. बायका ओरडतायत, पोरं शिट्ट्या मारतायत. नुसती शायनिंग. शिवानी माझ्या शेजारी उभी होती, ओठ हलवून काहीतरी मोजत होती. तिकडे ते उचललं आणि इकडे तिने श्वास सोडला.

"एवढी काळजी?" मी म्हटलं.

"मग? नको?"

नको कशी.

२५ एप्रिल

शीळफाट्याच्या अलीकडच्या गावात रामाशेठच्या मुलीचं लग्न आहे परवा. आज जागा बघायला गेलेलो. जमीन विकून शेठनी बंगला बांधलाय, त्याच्यासमोर हे एवढं अंगण. तीन बाजूंनी कंपाउंडची उंच भिंत, भिंतीला लागून नारळ, चौथ्या बाजूला मांडव. रस्त्याच्या पलीकडे त्यांचंच भाताचं शेत, कापून मोकळं पडलेलं.

कॅप्टन म्हणाला, "शेतातून करू."

रामाशेठ म्हणाले, "शेतातून तं बैल बी जातो साहेब. माजी पोरगी माज्या दारातनं उरली पायजे. दारातनं!" उरली म्हणजे उडली, त्यांच्या तोंडी ड चा र होतो.

कॅप्टनने अंगणात फेऱ्या मारल्या, नारळांकडे बघितलं, ऊन बघितलं. मग म्हणाला, फक्त नवरा-नवरी, इंधन जेवढ्यास तेवढं, तर जमेल. एक माणूस जास्त झाला तरी शेतात जायचं. शिवानीने तीनदा मान हलवली. सूर्य पश्चिमेला उगवतो असं तो म्हणाला असता तरी हिने मान हलवली असती.

परत येताना गाडीत मी श्रीपादशेठना म्हटलं, घाबरतो हा. विठ्ठलवाडीला पाच जणांना घेऊन आरामात उभं केलं होतं. शिवानीने पुढच्या सीटवरून मागे वळून बघितलं. "अरे ते वेगळं."

"काय वेगळं?"

"मैदान होतं ते. नंतर सांगते तुला, नीट."

नंतर. त्याच्याबरोबर आत्ता, माझ्याबरोबर नंतर.

२७ एप्रिल

आज जे झालं ते लिहायचं म्हणजे कुठून सुरू करू. कोणाला काही झालं नाही, हे आधी लिहितो.

दुपारी साडेतीनला काटा मांडवाच्या खांबाजवळ ठेवला. नवरी ऐश्वर्या दागिन्यांसकट चढली. तिचा चुलता म्हणाला, "सोनं वेगळं जोखा, तं कलंल पोरगी केवरी!" नवरदेव सुशांत चांगला गुबगुबीत, फेटा बांधलेला, चढल्यावर स्वतःच आकडा वाचून म्हणाला, "मॅडम, यातले पाच किलो आजच्या मटणाचे." शिवानी हसली. हिशोब बसला. थोडी जागा राहत होती, जास्त नाही.

आणि तेवढ्यात शकूआत्या आल्या. रामाशेठची थोरली बहीण. नऊवारी, नाकात नथ, हातात कपड्यांची पिशवी आणि लाडवांचा स्टीलचा डबा. सरळ एचकडे चालायला लागल्या.

शिवानी पुढे झाली. "आत्या, इथे फक्त नवरा-नवरी."

"मंग मी कोन? मी पाठराखीन."

शिवानीने पंधरा दिवसांत या लोकांना दहा वेळा विचारलं असेल, कोण कोण बसणार? दहा वेळा उत्तर एकच, नवरा-नवरी. खोटं कोणीच बोलत नव्हतं. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी पाठराखीण जाणारच, ते काय सांगायचं असतं? माझी आत्या माझ्या ताईबरोबर गेलेली. मलाही सुचलं नव्हतं. शिवानीलाही नाही.

कॅप्टन म्हणाला, "मग शेतातून."

"दारातनं," रामाशेठ म्हणाले.

"आत्यांना गाडीने पाठवलं तर?" श्रीपादशेठनी भीत भीत विचारलं.

आत्यांनी डबा खाली ठेवला. "पोर इमानातनं जानार आन मी मागना गारीतनं? मना कोन अरवतंय ते बगू."

कॅप्टनने घड्याळ बघितलं. इंधन आणखी थोडं काढता येईल का, ते शिवानीबरोबर बोलायला लागला. म्हणाला, आधी आत्यांचं वजन तर कळू दे. शिवानीने मला हाक मारली, "ऋतुराज, आत्यांचं घे ना."

मी काटा पुढे सरकवला. आत्या म्हणाल्या, "मी काय भात हाय का, जोखाला?"

आणि मी मान वर केली. कॅप्टनने हेडफोन शिवानीच्या कानावर चढवला होता, खालच्या माणसाने बोलायचं असतं त्यासाठी. तिचे केस माइकमध्ये येत होते. त्याने ते दोन बोटांनी बाजूला केले. तिने हू की चू केलं नाही.

"किती रे?" ती तिकडून ओरडली.

"पंचावन्न!" मी ओरडलो. आत्यांनी काट्यावर पाय ठेवलाच नव्हता.

शकूआत्या माझ्याकडे बघून खूश झाल्या. "बग, पोरगा शाना हाय."

का बोललो? आत्ता लिहिताना प्रामाणिकपणे विचार करतोय. मला तो पडायला हवा होता. पडायला म्हणजे खरं पडायला नाही! सगळ्यांसमोर तोंडावर. तो नाही म्हणेल आणि मी म्हणेन बघा, घाबरला. किंवा उडवेल आणि मी म्हणेन, उगाच नाटकं करत होता. दोन्हीकडून माझंच खरं. आणि वर मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "सर, परवा पाच जणांना घेऊन उभं राहिलं की! अंगणात उभं राहायला काय होतंय?"

कॅप्टनने पहिल्यांदा गॉगल काढला. "उभं राहायला काहीच होत नाही," म्हणाला. "पंचावन्न असेल तर करून बघू. नाही वाटलं तर खाली ठेवीन."

दारं मी लावली. आत्यांचा पदर आत घेतला, पट्टा बघितला, कडी ओढून बघितली. अंगठा दाखवला.

उचललं. तीन फुटांवर आलं. स्थिर. एकदम मस्त, जराही डगमग नाही. बँजोवाल्यांनी जोर लावला, बायकांनी तांदूळ उडवले. ते परत त्यांच्याच डोळ्यांत गेले. मी शिवानीकडे बघून खांदे उडवले. बघ. उभं राहिलं.

मग ते वर जायला लागलं. भिंतीच्या उंचीपर्यंत गेलं. त्याच्यावर जरा. आणि तिथे अडलं. आवाज बदलला, एकदम जड, कण्हल्यासारखा. नाक थरथरायला लागलं. नारळाच्या झावळ्या उलट्या झाल्या, मांडवाचं कापड फाटून उडालं. आणि ते खाली यायला लागलं, त्याने आणलं म्हणून नाही, आपोआप. काचेतून मला आत्यांचं तोंड दिसलं, उघडं. नवरीने डोळे गच्च मिटलेले. मी धावत सुटलो, काय करणार होतो देव जाणे, धरणार होतो का हाताने? शिवानी हेडफोनमध्ये अगदी हळू बोलत होती, "डावीकडे नारळ आहे सर, डावीकडे नारळ." जमिनीजवळ आल्यावर त्याचा आवाज पुन्हा हलका झाला, कोणीतरी खालून हात दिल्यासारखा, आणि ते बरोबर चुन्याच्या एचवर टेकलं.

बँजो चालूच होता. त्यांना वाटलं आयटम आहे.

पंखा थांबल्यावर कॅप्टन उतरला. शर्ट पाठीला चिकटलेला. "आत्यांचं वजन कोणी घेतलं?"

"मी घेतलं," शिवानी म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते तसंच राहिलं. कॅप्टनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाला.

शिवानीने आत्यांना हाताला धरून काट्यावर उभं केलं. एकोणऐंशी. "लुगऱ्याचा वजन हाय," आत्या म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता.

आता काय? शेतात न्यायचं तर आधी तिथे पाणी मारायला टँकर न्यायला हवा, पण रस्त्यावर गाड्यांची रांग, सूर्य उतरायला लागलेला. रामाशेठ म्हणाले आत्या उतरेल. ऐश्वर्याने हुंदका दिला, "आत्या नाय तं मी नाय." आणि रडायलाच लागली. तेव्हा सुशांतने आपल्या बाजूचं दार उघडलं.

"मी उतरतो ना यार. त्यात काय! मी येतो स्कॉर्पिओने."

"अरे नवरदेव तू!"

"मग काय झालं? बायको आधी पोचेल. आईला फोन करा फक्त, नाहीतर ओवाळायला येईल आणि बघेल तर सुनेबरोबर आत्या!"

सगळे फुटले. रामाशेठसुद्धा. सुशांत उतरला, फेटा सांभाळत वाकला, आणि दार आपटून लावलं. चुकीचं. पट्टा बाहेर. मी जाऊन परत लावलं. या वेळी ते तीन फुटांवर थांबलं, मग हळूहळू सरळ वर गेलं, भिंत, नारळ, गेलं. नवरदेव माझ्याशेजारी धुळीत उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "गेली रे माझी!" आणि हसत होता. खरं हसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन कसा हसू शकतो हा?

नंतर टँकरमागे शिवानीने मला गाठलं.

"हात दे." मी दिला. तिने तो उताणा केला आणि आपला तळहात वर धरला. चार बोटं. "हा पंखा. ही जमीन. जमिनीजवळ असताना पंख्याने ढकललेली हवा खाली जाऊ बघते, जमीन तिला जाऊ देत नाही. म्हणून कमी ताकदीत उभं राहतं. ग्राउंड इफेक्ट म्हणतात. आता बघ." तिने हात वर नेला. "वर गेलं. तेच वजन, तेच इंजिन, पण खाली धरायला जमीन नाही. जास्त ताकद लागते, आणि ती नसेल तर येतं खाली. त्यात हे ऊन, गरम हवा पातळ. विठ्ठलवाडीला जमिनीलगत पळवत नेऊन वेग घेतला, मग उचललं. इथे पळवायला जागाच नव्हती. तीन फुटांवर उभं राहिलं म्हणजे उडालं, असं नसतं रे."

तिचा तळहात अजून वर धरलेला होता. मला ते दिसत होतं, ऐकू अर्धंच येत होतं.

"हेच दाखवत होता तो? त्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी?"

"काही नाही."

"ऋतुराज, माणसं होती त्यात."

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिने काटा उचलून काखेत मारला. मग "मूर्ख आहेस," म्हणाली आणि गेली.

कळलं मला. माझी चूकसुद्धा तिने त्याच्यासमोर स्वतःकडे घेतली. त्याच्याशी भांडायलाही मला जागा ठेवली नाही. आणि त्याच्या नजरेत मोठी झाली ती वेगळीच.

पण झोप येत नाहीये ते यामुळे नाही. आत्यांचं ते उघडं तोंड दिसतंय.

२८ एप्रिल

कॅप्टनला जाऊन सांगितलं. आत्यांचं वजन मी सांगितलं होतं, घेतलं नव्हतं.

"माहीत आहे," म्हणाला. "पंचावन्नवर मी विश्वास ठेवायलाच नको होता, डोळे होते मला. माझीपण चूक. परत करू नकोस." आणि हात पुढे केला. मला धरावा लागला.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एवढा चांगला असायची काय गरज आहे माणसाला?

३ मे

शिवानी हैदराबादला चाललीये. फ्लाइट डिस्पॅचरचा कोर्स.

"म्हणजे काय करणार तू?"

"पायलटला सांगायचं, आज उडू नकोस. वजन, हवा, इंधन बघून. तो कितीही मोठा असला तरी त्याला नाही म्हणायचं."

"कॅप्टनलाही नाही म्हणणार?"

"त्यांनीच तर सुचवलं." हसली. मग एकदम गंभीर झाली. "तुला सर काही बोलले होते ना? हैदराबादचं?"

"बोलले होते."

"मग?"

"मग काय? माझा काय संबंध?"

तिने कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "बरं. वजन किती आहे आता तुझं?"

"तुझं काय जातंय माझ्या वजनाशी!" ऑफिसमधले सगळे बघायला लागले. ती उठून आत गेली.

हैदराबाद. तो पण सारखा हैदराबाद हैदराबाद करत असतो. घर असणार त्याचं तिथे. मला आधीच पाठवून द्यायला बघत होता तो कशाला, हा एक भाग जुळत नाही. जुळेल.

१० मे

आईने विचारलं, जेवत का नाहीस. म्हटलं, वजन उतरवतोय.

उद्या मोसमातलं शेवटचं लग्न, शीळफाट्याला एका फार्महाउसवर. ते झालं की हेलिकॉप्टर जुहूला परत. शिवानी त्यातूनच जाणार, तिथून रात्रीचं विमान. तिचा मेसेज आला: "उद्या ये नक्की. नवीन शर्ट घाल." शर्ट कशाला? फोटो काढायचे असतील, निरोपाचे. तिघांचे.

घालणार नव्हतो. इस्त्री करून ठेवलाय.

११ मे

हेलिकॉप्टर गेलं. नीट गेलं, आधी तेच लिहितो. तिचे तीन कॉल येऊन गेले. उचलले नाहीत.

वऱ्हाड जेवायला बसलं होतं. फार्महाउसची हिरवळ मोठी, एका बाजूने मोकळी, पळवायला भरपूर जागा. मी शिवानीची बॅग आत ठेवली. तिने केस घट्ट बांधलेले, पांढरा शर्ट. दार लावायला गेलो तर कॅप्टन पुढून म्हणाला, "ऋतुराज, मागची सीट रिकामी आहे. बस. जुहूहून सोडायची सोय केलीये."

"मी?"

"कधी बसला नाहीस असं ऐकलं."

शिवानी पुढे बसेल असं वाटलं होतं, त्याच्या शेजारी, सगळी घड्याळं तिथेच असतात. ती मागे आली. माझ्या शेजारी. वजनाचा तोल सांभाळायला असणार. तिने स्वतः मला हेडफोन घातला. माझे केस बाजूला करायची गरज नव्हती, तरी केले. श्रीपादशेठनी बाहेरून दार लावलं आणि ते कसं लावलंय ते बघून माझा जीव वर-खाली झाला.

उचललं.

मी सांगतो ते कसं असतं. एवढी वर्षं खालून बघितलं, पण आतून वेगळं आहे. पोटात काहीतरी हलकं होतं. गवत सगळीकडे आडवं झालेलं, आणि आपण त्याच्यावर टेकल्यासारखे, पण टेकलेले नाही. तीन फूट. कॅप्टन तिथे थांबला, काटे बघायला. शिवानीने माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे. त्या दिवसासारखे, टँकरजवळच्या. मी तेवढ्यापुरता सगळं विसरलेलो. देवाशपथ, विसरलेलो.

मग कानात त्याचा आवाज आला. "शिवानी, सांगितलंस का त्याला?"

"नाही अजून, सर. वर गेल्यावर सांगते."

"लवकर सांग. मला राहवत नाहीये आता."

ती हसली. लाजल्यासारखी.

वर गेल्यावर. म्हणजे जिथून मी उठून जाऊ शकत नाही, कॉलर धरू शकत नाही, फाइल आपटू शकत नाही, तिथे नेऊन सांगणार. पट्टा बांधून. नवीन शर्टात. त्याला राहवत नाहीये.

मी म्हटलं, "सर, खाली ठेवा."

"काय झालं? काही दिसलं का?"

"खाली ठेवा म्हटलं ना! उतरायचंय मला."

त्याने लगेच खाली ठेवलं. इतकं हळू की कळलंपण नाही. मी पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

"अरे, का?" शिवानीने माझी बाही धरली.

"वजन होतंय माझं."

"वेडा आहेस का? तुझं वजन धरलंय मी. पहिल्यापासून धरलंय! महिनाभर हिशोब करतेय, तुला का कळत नाही? ऐक ना, फक्त पाच मिनिटं, वर जाऊ दे, मग तू काय ते..."

"इथे सांग."

तिने पुढे बघितलं, कॅप्टनच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. ओठ हलले. माझ्या शेजारी बसून सांगायला एवढं काय जड होतं? रागाने तिचे डोळे भरले. "असं नव्हतं सांगायचं मला," म्हणाली. "असं ओरडून, असं दारात उभं राहून. नेहमी दारातच का उभा असतोस तू?"

मी हेडफोन काढला. त्याबरोबर ती पुढे काय बोलली ते पंख्याच्या आवाजात गेलं. तोंड हलताना दिसत होतं. एक शब्द हैदराबाद होता, तेवढा ओठांवरून कळला.

बाही सोडवली. उतरलो. वारा पाठीवर असा की कोणी दोन्ही हातांनी दाबतंय. वाकलो. माझ्या सीटचा पट्टा बाहेर लोंबत होता, तसाच राहिला तर पूर्ण रस्ताभर पत्र्यावर आपटत राहतो, आतल्याला वाटतं कोणीतरी दार वाजवतंय. तो उचलून आत रिकाम्या सीटवर ठेवला, तिच्या बाजूला. तिने तो धरला. मग मी दार लावलं, आणि कडी दोनदा ओढून बघितली.